राज्यशास्त्राच्या तासाला गावाचा हिशोब उघडू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरात 40 पैकी 12 गुण राज्यशास्त्राचे. साहजिकच बऱ्याच शाळांत इतिहास संपला की उरल्यासुरल्या तासांत हे धडे उरकले जातात. पुस्तकांवर क्यूआर कोड आले, 2017पासून ‘दीक्षा’ हे सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आहे, कुठे कुठे स्मार्ट बोर्डही लागले. पण कोड स्कॅन केल्यावर बहुतेक वेळा समोर येतो तोच धडा, कुणीतरी समजावून सांगितलेला. निवडणूक आयोगाची कार्ये मुलं पूर्वी गाइडमधून पाठ करायची, आता व्हिडिओ थांबवून उतरवून घेतात. एवढाच फरक.

त्याच पडद्यावर ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडून बघा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की विकास आराखड्यातली कामं आणि अंदाजे खर्च दिसतो. समजा, यादीत एक गटार आहे. ते झालंय की नाही, हे रोज त्याच वाटेने शाळेत येणाऱ्या मुलीला मंत्रालयापेक्षा जास्त ठाऊक असतं! मग प्रश्न सुरू होतात. हे काम सुचवलं कुणी? ग्रामसभेत विषय आला होता का? पैसे राज्याचे की वित्त आयोगाचे? पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73वी घटनादुरुस्ती एरवी नुसता पाठ करायचा आकडा असतो, इथे ती उलगडते. जे पोर्टलवर सापडत नाही, त्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा वर्गातच लिहून घ्यावा. 2005च्या कायद्यात उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे हे मुलांना माहीत असतं, पण ‘सर्व माहिती मिळावी’ असं मोघम लिहिलं की अर्ज फसतो, हे लिहिल्याशिवाय कळत नाही. शहरातल्या शाळांनी महापालिकेचा अर्थसंकल्प घ्यावा.

यासाठी प्रत्येकाच्या हातात मोबाइल लागत नाही. वर्गात एक पडदा पुरतो. नेट नसेल तिथे शिक्षक आदल्या दिवशी पानं उतरवून ठेवतील.

खरी अडचण वेगळीच आहे. शिक्षकाने हा हिशोब वर्गात काढला की कुणीतरी विचारणारच, “सर, राजकारण शिकवताय का?” त्याला दाखवायला शिक्षकाकडे एक कागदही नसतो. तो कागद तुम्ही द्या. सार्वजनिक नोंदी वर्गात वाचणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, असा स्पष्ट जीआर काढा. दीक्षावर प्रत्येक धड्याला असा एक उपक्रम जोडा आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला गुण ठेवा.

आणि कृपा करून यासाठी नवं ॲप काढू नका. उपक्रमाचे फोटो रोज अपलोड करायलाही सांगू नका. माहिती भरता भरता शिक्षक आधीच मेटाकुटीला आलेत.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जीआर निघाला, तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत दहावीच्या वर्गांचा निदान एक आराखडा वाचून झालेला असेल.

कळावे,
एक माध्यमिक शिक्षक