सिंहगडाच्या वाटेवर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेवर, पहिल्याच खड्या चढाला एक बाई दगडावर मान खाली घालून बसली होती. ती मी.

त्याच्या महिनाभर आधी एका ग्रुपबरोबर पहिला ट्रेक केला होता. सगळे भराभर पुढे निघून गेले, मी अर्ध्यातून एकटीच उतरले आणि बसमध्ये येऊन बसले. डोंगर आपल्यासाठी नाहीत, असं मनानं घेतलं होतं.

तुम्ही म्हणालात, "बसू नका ताई, उभ्या राहून दम घ्या." मग चालता चालता विचारलंत, "पुरणपोळी कशी करता?" मी डाळ शिजवून कट काढण्यापर्यंत आले आणि श्वास तुटला. तुम्ही तिथंच थांबलात. "वाक्य पुरं होत नाही म्हणजे वेग जास्त झाला." एवढं साधं माप मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं! पाऊल निम्मं टाकायचं, चवड्यावर न चढता अख्खा तळवा टेकवायचा, पाणी तहान लागायच्या आधी घोटघोट प्यायचं. पोळीवर तूप सोडेपर्यंत गडाचा पुणे दरवाजा आला. वाट जेमतेम तीन किलोमीटरची, पण चढ सहाशे मीटरांचा. तुम्ही एकटे असतात तर तासाभरात वर पोचला असतात. माझ्यासाठी अडीच तास दिलेत, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

उतरायच्या आधी तुम्ही पायरीवर वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्यात. मी संकोचून पाय मागे घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसानं माझ्या पायाशी बसावं, हे मला सोसेना. तुम्ही शांतपणे घोट्यापाशी नाडी आवळलीत. "उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, बोटं आदळतात, नखं काळी पडतात." घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीखड्यांच्या उतारावर, गुडघे थोडे वाकवून तिरकं उतरायचं, गवताचा आधार घ्यायचा नाही, कारवीचं झुडूप धरायचं तर बुंध्याशी, हेही तेव्हाच कळलं. तो स्पर्श आणि ती गाठ मी विसरणार नाही.

त्यानंतर सलग आठ रविवार सिंहगड केला. मग लोहगड. आणि फेब्रुवारीत बारी गावातून कळसूबाई! लोखंडी शिड्यांपाशी पोटात गोळा आला, तेव्हा पुरणपोळी पहिल्यापासून सांगायला घेतली, मनातल्या मनात. 1646 मीटरांवर देवीपुढे हात जोडले तेव्हा आधी तुमची आठवण आली.

येत्या हिवाळ्यात राजगड करायचाय, गुंजवण्याहून चोर दरवाजानं. रविवारी साडेपाचला मी अजूनही आतकरवाडीत असते. डब्यात तुमच्यासाठी पुरणपोळी असेल.

तुमची,
दगडावर बसलेली ताई