'५३-एन' बाटली आणि जमिनीवर पडलेला चिमटा

महोदय,

हाफकिन संस्थेवरील आपल्या लेखात मुल्कोवालची दुर्घटना 'लस बिघडल्यामुळे' घडली, असे म्हटले आहे. ते बरोबर नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या या १९ जणांना '५३-एन' या एकाच बाटलीतली लस दिली होती. ही लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत ही बाटली ४१ दिवस आधी भरलेली. हाफकिन यांनी नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल (फिनॉल हे जंतुनाशक) वगळले होते, म्हणून चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. पण धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत इतके दिवस वाढले असते, तर बूच निघताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती आली नव्हती. उलट, मुल्कोवालला बूच ओढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला आणि त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून वापरला, हे साक्षीत आले होते. गुराढोरांच्या वावराच्या त्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे या जंतूंचे चिवट, सुप्त रूप, असायचेच. १९०७ मध्ये मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस व इतरांनी लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि अखेर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

५ टक्के कार्बोलिकमध्ये साधे जंतू काही मिनिटांत मरतात. धनुर्वाताचे बीजाणू तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला ज्योत किंवा दाबाखालची वाफ हवी. तरीही प्रॅक्टिकलला पडलेला चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा वापरणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात! पडला तो बाजूला ठेवावा, आधीच निर्जंतुक करून कागदात गुंडाळलेला दुसरा घ्यावा.

ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचीही तीच गत. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटे, हे सगळ्यांना पाठ असते. पण आतली हवा निघून वाफेची सलग धार लागण्याआधीच झडप बंद केली, तर दाबाचा काटा १५ दाखवतो आणि तापमान मात्र १२१ च्या बरेच खाली राहते. डबे ठासून भरले की मधल्या डब्यापर्यंत वाफ पोचत नाही. डब्याला लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे काम झाले, असेही नाही; टेपला उष्णता लागली एवढेच त्यावरून कळते. बीजाणू मेले की नाही, ते बीजाणूंचीच पट्टी आत ठेवून, नंतर ती वाढवून पाहिल्यावर समजते. ही पट्टी पदवीच्या प्रॅक्टिकलमध्ये सक्तीची करायला हवी.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, मुंबई