160 तासांचा हिशोब

पुणे, 6 जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घराच्या स्लॅबचा विषय निघाला तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "महिन्याला 1,44,000 मिळतात ना तुला, मग सहा महिन्यांत वरची खोलीसुद्धा होऊन जाईल." मी हं हं करून फोन ठेवला, कारण आईने स्पीकर चालू ठेवला होता आणि मागे काकूंचा आवाज येत होता. आपल्या घरचे आकडे गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून हे लिहून पाठवते. वाचून झालं की कपाटात ठेवा.

1,44,000 हा आकडा माझ्या करारात कुठेच नाही. तिथे लिहिलंय तासाला 900 रुपये आणि महिन्याला कमाल 160 तास. गुणाकार तुम्ही केलात, आणि बहुतेक सगळे तोच करतात. किमान किती तास काम देणार याबद्दल मात्र त्या चौदा पानांत एक ओळसुद्धा नाही. म्हणजे 160 च्या वर मी एक तासही लावू शकत नाही, आणि खाली तो आकडा कुठवर जाईल याला धरबंध नाही.

बाबा, तुमच्या कंडक्टरच्या भाषेत सांगते. एजन्सी इथली, बाणेरची. काम अमेरिकेतल्या क्लायंटचं. मी त्यांचं सॉफ्टवेअर तपासते. दर रविवारी रात्री टाइमशीट भरायचं, त्यात कोणत्या कामाला किती वेळ गेला ते लिहायचं. तिकडचा मॅनेजर ते बघून मंजूर करतो. त्याने मंजूर केले तेवढेच तास एजन्सी त्यांना लावते आणि तेवढ्याच तासांचे पैसे मला देते. तुमचं वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशोब, डेपोत जमा व्हायचा तसंच, फक्त इथे तपासणारा साहेब ठरवतो की तू गाडीवर होतीस की नव्हतीस.

आता गाडीवर असणं म्हणजे काय, सगळं भांडण तिथे आहे. नवीन बिल्ड म्हणजे तपासायचा माल संध्याकाळी सहाला येणार म्हणतात आणि येतो साडेआठला. मधले अडीच तास मी लॅपटॉपपुढेच असते. भाजी आणायला खाली उतरले आणि नेमका तेवढ्यात मेसेज आला तर "उपलब्ध नव्हती" असा शेरा बसतो. पण टाइमशीटमध्ये ते अडीच तास लिहिले की लाल होऊन परत येतात, कारण त्यांच्यासमोर कामाचा नंबर नसतो. रात्रीचा कॉल तिकडच्या दुपारी बाराला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेनऊला. नोव्हेंबरात ते लोक घड्याळं एक तास मागे घेतात, की तोच कॉल साडेदहाला जातो. परवापर्यंत त्या कॉलचेही पैसे नव्हते, कारण तो म्हणे "समन्वय" असतो.

हे सगळं चाललं असताना एका वकील मैत्रिणीने मला तुमचा कायदा दाखवला. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा. त्यात कामाचे तास कशाला म्हणायचं ते सुरुवातीलाच लिहून ठेवलंय, कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ. गाडी धावते ते तर आलंच, शिवाय हिशोब लिहिणं, कॅश भरणं, रजिस्टरवर सही करणं, गाडी ताब्यात घेणं आणि परत लावणं हेही त्यात मोजायचं. शेवटच्या थांब्यावर नुसतं बसून राहणंसुद्धा, पंधरा मिनिटांच्या आत असेल तर. त्यापेक्षा लांबलं की नाही, म्हणजे कायदा काही फार उदार नव्हता. पण दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि मधली विश्रांती धरून सगळा पसारा बारा तासांच्या आत, एवढं तरी कागदावर होतं. रात्रवस्तीला गेलात तर त्याचा भत्ता तुम्हाला वेगळा मिळायचा. तुम्ही उशिरा घरी येऊन "कॅशच्या खिडकीवर लाइन होती" म्हणायचात, तेव्हा ती लाइनही कामात धरलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो कायदा आता नव्या श्रम संहितेत गेला. माझ्यासाठी त्याने फरक पडत नाही, कारण कागदावर मी कामगारच नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. एजन्सी मला पगार देत नाही, मी तिला बिल पाठवते.

आई म्हणेल, लबाड आहेत मेले. तसं अगदी नाही. एजन्सीचा क्लायंटशी जो करार आहे तोही मंजूर तासांचाच. तिकडे काम थांबलं की तिचेही पैसे थांबतात. फक्त तिच्याकडे माझ्यासारखे बरेच जण आहेत, एकाचं थांबलं तरी दुसऱ्याचं चालतं. माझ्याकडे मी एकटीच. धोका वरून खाली ढकलत ढकलत शेवटच्या माणसापाशी येऊन थांबतो आणि त्या माणसाला मग "स्वतंत्र" म्हणतात.

नोव्हेंबरचंच बघा. चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग, त्याला जोडून शुक्रवार, 16 तास गेले. शेवटी क्लायंटचं महिन्याचं बजेट संपलं म्हणून आणखी 20 तास गेले. उरले 124. त्याचे 1,11,600 रुपये. त्यातून 10 टक्के टीडीएस कापून हातात 1,00,440. कापलेली रक्कम बुडत नाही, रिटर्न भरताना हिशोबात येते, पण स्लॅबच्या मिस्त्रीला टीडीएस देता येत नाही. आणि हे पैसे बिल पाठवल्यापासून 45 दिवसांनी, म्हणजे अजून यायचेत. संक्रांतीच्या आसपास येतील. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तिकडे सगळं बंद होतं, तेव्हा डिसेंबरचा आकडा याहून कमी असेल. गणपतीत मी चार दिवस कराडला होते तेही बिनपगारीच. दोन देशांचे सण माझ्याच खात्यातून जातात.

उशीर झाला तर काही करता येतं का, असं दादाने विचारलं होतं. येतं. मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे. लेखी करार असला तरी लहान व्यावसायिकाचे पैसे 45 दिवसांच्या पलीकडे अडवता येत नाहीत, अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीला सरकारी परिषद आहे. पण तक्रार केल्यावर पुढच्या महिन्यात तास किती येतील, ते कुठला कायदा सांगणार?

"मग सरळ नोकरी का धरत नाहीस?" आई, हे तू दर फोनला विचारतेस. नोकरीत याच कामाचे हातात 70,000 च्या आसपास येतील, वर हिंजवडीला रोज जाऊन येऊन तीन तास. ते तीन तासही कोणी मोजत नाही. अडलेल्या महिन्यातसुद्धा मी त्याच्या वर असते. पीएफ नाही हे खरं, तो मी स्वतः पीपीएफमध्ये टाकते. आणि बाबा, तुमचा पीएफ आयुष्यभर कापला गेला, तरी पीएफसोबतच्या ईपीएस-95 योजनेची पेन्शन किती येते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा त्या बाजूने मला फार समजावू नका.

मार्चमध्ये करार नवा होतोय. मी दोन गोष्टी मागितल्या होत्या, महिन्याला किमान 120 तासांची हमी आणि कॉलचे व वाट पाहण्याचे तास मोजणं. कॉलचे तास मान्य झाले. वाट पाहण्याला सपशेल नाही. हमीवर 100 पर्यंत आलेत, मी 120 वर अडून आहे. 110 ला सौदा जुळेल असं वाटतं.

म्हणून घराचं असं करा. महिन्याला 80,000 धरा, त्यातला माझा इथला खर्च आणि घरभाडं जाऊन उरेल ते. पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, त्याचे पैसे मी बाजूला काढलेत. जिना आणि वरची खोली दिवाळीनंतर. एफडी मोडायची नाही आणि बँकेत कर्जाची चौकशीही करू नका, ते माझे मागचे रिटर्न मागतील आणि मी नोकरदार नाही म्हणून दर चढवून सांगतील. मिस्त्री अंगावर काम घेणार की रोजावर हे नक्की करा. रोजावर असेल तर सिमेंट वेळेवर न आल्याने माणसं बसून राहिली, तर त्या दिवसाचं काय, ते आधीच बोलून घ्या. आपण अर्धा रोज देऊ असं माझं मत आहे, पण तिथे तुम्ही उभे असणार, तुम्ही ठरवा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी येते. गूळपोळ्या ठेवा, आणि काकूंना विचारलं तर सांगा, ती कॉम्प्युटरचं काम करते.

तुमची,
मनू