बाबा, शेताला गिऱ्हाईक बघू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वरच्या शेतासाठी तुम्ही गिऱ्हाईक बघताय असं आईकडून कळलं. तूर्त थांबा. आपल्या शेंडेफळाला इंजिनिअरिंगची जागा कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळाली आहे, कॉलेजच्या स्वतःच्या मॅनेजमेंट कोट्यातून नाही. सगळं त्यावरच अवलंबून आहे. हे फोनवर तुमच्या गळी उतरायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजने सांगितलेला फीचा आकडा पूर्ण आपल्या अंगावर पडत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालंय. आधी ही सवलत निम्मी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात, अभिमत आणि खाजगी विद्यापीठं मात्र येत नाहीत. आपण दोन्ही अटींत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, सरकारपुढे हात कशाला पसरायचा? बाबा, उभ्या जन्मात काडेपेटी घेतानाही तुम्ही कर भरलात. त्यातलं थोडं लेकीच्या फीला आलं तर कुणाचे उपकार होत नाहीत.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. त्याला पैसे लागत नाहीत. नाक्यावरच्या केंद्रात फॉर्म भरून घेतला तरी चालेल, त्याची मजुरी द्या, पण मोबाइल नंबर तिचाच घाला आणि पासवर्ड तिच्याच वहीत राहू दे. केंद्रवाले घाईत स्वतःचा नंबर टाकून मोकळे होतात. मग पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि आपण त्यांच्या दारात. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो, चार वर्षं, हे तिलाही बजावून ठेवा.

माफीचे पैसे तिच्या खात्यात येतात, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच, बँकेत होतो. खात्याला आधार जोडलंय एवढ्याने भागत नाही, ते थेट लाभ हस्तांतरणासाठी जोडलेलं लागतं, आणि सगळ्यात शेवटी जे खातं तसं जोडलं असेल त्याच खात्यात पैसे जातात. तिची दोन खाती आहेत: शाळेत असताना उघडलेलं, आणि गेल्या वर्षीचं. शाळेच्या खात्याचं तर पासबुकही कुठे आहे देव जाणे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणत्या बँकेचं खातं जोडलंय ते दिसतं. ते आज रात्री तिला बघायला सांगा. जुनं खातं दिसलं तर बँकेत जाऊन बदलून घ्या, अर्ज त्यानंतरच. पैसे येतात ते हप्त्याहप्त्याने, आणि उशिरा, तेव्हा त्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नका.

कॉलेजच्या खिडकीवर कदाचित पूर्ण फी मागतील. भांडू नका, पण लगेच भरूही नका. शासन निर्णयाची प्रत पुढे करा आणि नाही म्हणत असतील तर तसं लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच जणांचा सूर बदलतो.

केंद्र सरकारच्या पोर्टलवरही एक शिष्यवृत्ती आहे. बारावीत बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. पण या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाखांची, आणि फी माफी घेतली तर ती घेता येत नाही. आपल्याला फी माफीच परवडते. तो विषय सोडा.

उरला वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपचा खर्च. पीएम विद्यालक्ष्मीचं नाव तुम्ही ऐकलंय. तारण आणि जामीन न मागता कर्ज देणारी ती योजना ठरावीक नामांकित संस्थांपुरतीच आहे आणि तिचं कॉलेज त्या यादीत नाही. पण नेहमीच्या शैक्षणिक कर्जालाही ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, आणि हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. तेवढं कर्ज तिच्या नावावर असू दे. ती फेडेल, तुमच्यापेक्षा नेटाने फेडेल. शिकत असतानाचं व्याज मी भरेन. यावर घरात चर्चा नको, माझं ठरलंय.

आणि बाबा, तुम्ही ग्रुपवर टाकलेला तो 'नोंदणी शुल्क भरा, शिष्यवृत्ती पक्की' असा मेसेज काढून टाका. शिष्यवृत्ती द्यायला जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे द्यायला काही नसतं. आई, त्या लिंकवर तू काही भरलं नाहीस ना? भरलं असशील तर रागावणार नाही, पण १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर.

आता काम एवढंच. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का ते बघा, नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर आजच अर्ज टाका. ओबीसी सवलतीला लागणारा नॉन-क्रीमी लेअर दाखला, अधिवासाचा दाखला, रेशन कार्ड आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर एका पिशवीत ठेवा. प्रत्येकाचा फोटो मला पाठवा, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा. मागच्या वेळी दाखल्यापेक्षा बाबांचा अंगठाच जास्त आला होता.

तुमची
थोरली