पावतीवर 'माळावरचा वारा' लिहिणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. तोंडी सांगायला दुकानात येणारच आहे, पण तिथे माझा आवाज टिकेल याची खात्री नाही. म्हणून आधी लिहून मोकळी होतेय.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी हात हलवत परतले होते. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडीतला अख्खा सीडी प्लेअर बदला, अडकलेली सीडी गेली समजा. दुसरीकडचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "हा अल्बम फोनवर मिळतोच की." मिळतो हो. पण फोनवरच्या अल्बमवर माझ्या बाबांचं अक्षर नाही ना!

गायक नील यंगचा 'प्रेअरी विंड', २००५चा. इथे अमेरिकेत, तुमच्याच नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड झालेला, तुम्हाला मी काय सांगणार? पण मराठी वाचकांसाठी सांगते. त्या वर्षी यंगच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगल्याचं निघालं. शस्त्रक्रिया समोर असताना हा ५९ वर्षांचा माणूस स्टुडिओत जाऊन गाणी करत बसला. जूनमध्ये त्याचे वडील गेले. वडील पत्रकार, लेखक. शेवटी शेवटी त्यांना काही आठवेनासं झालं होतं. वडील काय म्हणाले होते ते आठवायची मुलाची धडपड म्हणजे शीर्षकगीत, चांगलं साडेसात मिनिटांचं. अल्बमभर बेन कीथची स्टील गिटार, मध्येच ट्रम्पेट-सॅक्सोफोन घुसतात, कुठे व्हायोलिनं, शेवटच्या गाण्यात गायकवृंद. जुन्या काळचा कंट्री गायक हँक विल्यम्स, त्याच्या गिटारवरही एक गाणं आहे. कुणी याला खिचडी म्हणेल. बाबा मिसळ म्हणायचे, आणि मिसळीबद्दल ते वावगं ऐकून घेत नसत.

बाबा माण तालुक्यातले. पाऊस बेताचा, वारा मुबलक. माझ्याकडे आले तेव्हा गाडीत हीच सीडी चालू होती. नावाचा अर्थ विचारून घेतला आणि मार्करने सीडीवरच लिहून टाकलं, 'माळावरचा वारा'. पुढे त्यांचंही आठवणं सुटत गेलं. मला ते त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. पण गाडीत शीर्षकगीत लागलं आणि ट्रम्पेट आली की गुडघ्यावरचं बोट बरोबर उचललं जायचं. एकदाही चुकलं नाही. ते गेल्यावर महिन्याभरातच प्लेअरने सीडी गिळली.

तुम्ही ती कशी काढलीत, मी पाहिलं नाही. बाहेर बाकावर नखं खात बसले होते. आत बोलावलंत तेव्हा पावती लिहीत होतात. 'सीडी काढली' एवढं लिहून भागलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, सीडी दिव्याखाली धरलीत आणि बाबांची अक्षरं एकेक करून पावतीवर उतरवलीत. चित्र काढावं तशी. वरची रेघ राहिली, काने सुटे उभे राहिले, 'ळ'चं आडवं आठ झालं. मग पावती माझ्याकडे फिरवून विचारलंत, "बरोबर आलंय का?"

मला बोलता येईना. नुसती मान हलवली.

कारागीर पुष्कळ भेटतात, काका. समोरच्याला जे मोलाचं वाटतं त्याला बोट लावताना आधी हात पुसणारे कमी. तुम्ही ४० डॉलर घेतलेत तेही बरं केलंत. फुकट करून दिलं असतंत, तर संकोचाने मी पुन्हा पायरी चढले नसते.

गाणं पुन्हा वाजतंय. ट्रम्पेट आली की शेजारच्या रिकाम्या सीटकडे नजर जाते अजून.

शनिवारी येते. चिवडा आणतेय, तिखट कमी घालून. तेव्हा 'ळ'ही शिकवीन. इथे वाढलेल्या माझ्या मुलालाही तो नीट म्हणता येत नाही, तेव्हा लाजू नका.

तुमची,
जुन्या गाडीवाली