मे महिन्यातलं पाणी मोजा, मग मासे आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हीटर न लावता घरात मासे कसे पाळावेत, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विषय चांगला, पण सोबतचा फोटो पाहून राहवलं नाही. गोल काचेच्या बाऊलमध्ये दोन गोल्डफिश, चार-पाच व्हाइट क्लाउड आणि तळाला ‘साफसफाईसाठी’ एक सकर, म्हणजे काचेला तोंडानं चिकटून राहणारा मासा. मी पाचगणीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. तिथल्या टाक्या माझ्याकडेच असत, आणि निवृत्तीनंतर त्या कामानं घरातही जागा अडवली आहे. त्या फोटोतली तिन्ही जातींची मंडळी एका पाण्यात नांदणारी नाहीत, आणि बाऊल तर तिघांपैकी कुणाच्याच कामाचा नाही.

‘थंड पाण्याचा मासा’ या पाटीनं बरेच जण फसतात. व्हाइट क्लाउड हा चीनमधल्या ग्वांगझोजवळच्या बाययुन डोंगरातल्या ओढ्यांतला मासा. 1932 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. वाढून वाढून तो जेमतेम 4 सेंटिमीटर होतो आणि 16 ते 22 अंशांत खूष असतो. आमच्याकडे जानेवारीत गप्पी कोपऱ्यात मरगळून बसतात, तेव्हा हे पठ्ठे एकमेकांसमोर पर फुलवून मिरवत असतात. पण हाच मासा मे महिन्यात नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर नेला, तर त्याला हीटर लागत नाही या गुणाचा उपयोग काय? तिथे बंद खोलीतलं पाणीच तिशी ओलांडतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे उकाड्यानं माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो पाण्यात कमी असतो. (आमच्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे तो मुळातच थोडा कमी मिळतो. थंड हवेच्या ठिकाणालाही सगळंच फुकट मिळत नाही.)

म्हणून माझं सांगणं एवढंच, की दुकानात जाण्याआधी एक साधा थर्मामीटर घ्या आणि भर उन्हाळ्यात घरात भरून ठेवलेल्या बादलीचं दुपारचं तापमान बघा. 26च्या आत राहत असेल तर व्हाइट क्लाउडचा विचार करा. दोन-तीन अंशांचा प्रश्न असेल तर टाकीवर जाळी घालून पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनानं तेवढा उतार मिळतो, फक्त आटलेलं पाणी रोज भरावं लागतं. बर्फाच्या बाटल्या टाकून तासाभरात पाणी गार करायचं आणि रात्री पुन्हा तापू द्यायचं, हा खेळ मात्र नको. विदर्भ-खानदेशात राहणाऱ्यांनी सरळ झेब्रा डॅनिओ घ्यावा. तो आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. हिवाळाही सोसतो आणि उन्हाळाही.

आता टाकी. दहा इंची बाऊल अर्धा भरला तर त्यात सव्वाचार लिटर पाणी मावतं. शोभेसाठी गळ्यापर्यंत भरला की हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग सहा इंच रुंदीच्या वर्तुळाएवढाच उरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला त्याच्या दहापट पृष्ठभाग असतो, आणि प्राणवायू आत येतो तो तिथूनच. उंच, निमुळत्या ‘शोपीस’ टाक्यांचं दुखणंही हेच. पाणी भरपूर, पृष्ठभाग तोकडा. शिवाय व्हाइट क्लाउड आणि डॅनिओ हे आडवे पळणारे मासे, त्यांना लांबी लागते. इटलीत रोमच्या पालिकेनं 2005 मध्ये गोल्डफिशसाठी गोल बाऊल वापरायला बंदी घातली होती. आपल्याकडे तो अजून वाढदिवसाची भेट म्हणून दिला जातो.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. पंप थांबतो, स्पंज फिल्टर थांबतो. अशा वेळी गर्दी नसलेली लांब टाकी तग धरते. दोन फुटी टाकीत आठ-दहा व्हाइट क्लाउड पुरे. सहापेक्षा कमी मात्र ठेवू नयेत, हा कळपातला मासा आहे. टाकीला झाकण हवंच, ते उड्या मारतात.

नवीन टाकीत त्याच दिवशी मासे सोडणं ही दुकानदारांनीच लावलेली सवय. माशांच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया बाहेर पडतो. तो पचवून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. कुणाच्या जुन्या निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळायला मिळाला तर काम लवकर होतं. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सढळ हातानं पडते, तेव्हा पाणी बदलताना क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन-चार खडे विसरू नयेत. फोटो धुणारे स्टुडिओ होते तोवर हायपो कुठेही मिळे. आता माशांच्या दुकानात तोच ‘अँटीक्लोरीन’ म्हणून बाटलीत मिळतो.

सोबत्यांबद्दल लेखात सर्वात मोठा घोटाळा आहे. गोल्डफिशलाही थंड पाणी मानवतं, हे खरं. पण तोंडात मावेल ते तो गिळतो, आणि व्हाइट क्लाउड मावतो. आज दीड इंचाचा दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, साधा लांबट गोल्डफिश त्याहून मोठा. त्याला जठर नसतं, त्यामुळे दिवसभर खात राहतो आणि तेवढीच घाण करतो. त्याचा संसार वेगळाच हवा, जमलं तर अंगणातल्या हौदात. फायटर माशाला 25 अंशांच्या वरचं पाणी लागतं, त्याला इथे कुडकुडायला आणू नये. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात.

चांगले शेजारी हवे असतील तर तळाला बारीक वाळू घालून पेपर्ड कोरिडोरसचा पाच-सहाचा गट ठेवावा. तो दक्षिण अमेरिकेच्या तुलनेनं गार भागातला, 20 अंशांच्या पाण्यातही मजेत असतो. चेरी श्रिंपही छान जमतात. पिल्लं थोडी खाल्ली जातात, पण शेवाळाचा दाट गुच्छ असेल तर पुरेशी वाचतात. डॅनिओ ठेवायचे तर खाणं दोन टोकांना टाकावं, नाहीतर ते सगळं उडवतात आणि व्हाइट क्लाउड बघत राहतात.

राहिला सकर. काच साफ करतो म्हणून तो प्रत्येक टाकीच्या गळ्यात मारला जातो. खरं तर तो उष्ण कटिबंधातला, वाढून फुटापेक्षा लांब होणारा आणि टाकीतली घाण वाढवणारा मासा. मग नकोसा झाला की लोक तो तळ्यात सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतच आल्या आहेत. त्याच्या खरखरीत, काटेरी अंगानं जाळी फाटतात. वेण्णा तलावावर ती वेळ येऊ नये. नको असेल तर दुकानात परत द्यावा, पैसे मिळाले नाहीत तरी.

दुकानदारांनी प्रत्येक टाकीवर किमतीच्या शेजारी दोनच गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ झालं: मासा पूर्ण वाढल्यावर किती इंचांचा होतो आणि त्याला किती अंशांचं पाणी लागतं. हे आपल्या वृत्तपत्रानं लावून धरावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, पाचगणी