लवचीकपणाचे कौतुक जरा जपून

महोदय,

२१ जूनच्या योगदिनाची तयारी सुरू झाली, की नागपुरातील शाळांत अंगठा मागे वळवून हाताला टेकवणारी, कोपर उलट वाकवणारी मुले हमखास पहिल्या रांगेत उभी केली जातात. परंतु असे अतिलवचीक सांधे आणि जोडीला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला १० अंश वा अधिक बाक, असलेल्या माझ्या मुलीसारख्यांना आणखी ताणाची नव्हे, तर स्नायूंच्या बळकटीची गरज असते. गुडघे मागे न लॉक करता, सांधा टोकापर्यंत न ताणता, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम त्यांना मानवतो. त्याला टाळ्या मिळत नाहीत, एवढेच. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रशिक्षकांनी प्रवेश अर्जातच सांध्यांविषयी विचारावे, ही विनंती.

– एक पालक, नागपूर